शेवंतीला दाखवायचं राहून गेलं

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, नंतर कमेंटमध्ये मला अक्कल शिकवू नका. मी अंबरनाथ पूर्वेला राहते, आनंदनगर एमआयडीसीत पॅकिंगला जाते. भुताखेतांच्या गप्पांना मला वेळ नसतो.

पण हे मी माझ्या कानांनी ऐकलंय.

गेल्या डिसेंबरातला शुक्रवार. जागा बदलापूरला, बेलवलीच्या पुढे, माझ्या भावाचा तबेला.

विक्रांतदादा रेसमधून काढलेले घोडे आणायचा. पाय गेला, हरायला लागला, की त्या घोड्याला कुणी विचारत नाही. कुणी वरातीला नेतं, कुणी कुठे नेतं ते बोलायलाच नको. दादा त्यांना बरं करायचा आणि चांगलं घर बघून द्यायचा. आम्ही त्याला येडा म्हणायचो. होताच येडा.

तेव्हा त्याच्याकडे दोनच घोडे होते, शमशेर आणि शेवंती. एकाच टेम्पोतून आलेले. शेजारच्या खणांत बांधलेले, मधल्या गजांतून नाकाला नाक लावून उभे राहायचे. दोघांना एकत्र नेणारं घर मिळेना, म्हणून दादा त्यांना सोडत नव्हता.

बुधवारी पोटशूळ उठून शमशेर मेला.

दादाच्या तबेल्यात एक रीत होती. घोडा मेला की जोडीदाराला त्याच्याजवळ न्यायचं. तो हुंगतो, नाकाने ढकलून बघतो, मग आपणहून तोंड फिरवतो. त्याला कळतं. नाही दाखवलं तर तो वाट बघत बसतो.

पण त्या दिवशी शेवंती भिंतीला लाथा मारत होती, म्हणून डॉक्टरांनी तिला गुंगीचं इंजेक्शन दिलं होतं. जेसीबीवाला घाई करत होता. दादा म्हणाला, "झोपू दे बिचारीला." शमशेरला तसाच मागे पुरला.

शेवंती जागी झाली आणि हाका मारायला लागली.

मी शुक्रवारी संध्याकाळी गूळ-गाजर घेऊन गेले. शुक्रवार म्हणजे तिकडे दर आठवड्याच्या दुरुस्तीसाठी लाईट गेलेली. पंप बंद, पंखे बंद, सगळं गपगार.

"खाल्लं का काही?" मी किर्तीवहिनीला विचारलं.

"कुठलं खातेय, ताई! पाणीसुद्धा नाही. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर जाईल ही. आणि हे तिच्यासमोरून हलत नाहीत."

शेवंती मान उंच करून खिंकाळली. थांबली. कान शमशेरच्या रिकाम्या खणाकडे वळवले.

आणि...

तिकडून उत्तर आलं.

हळू. घशातल्या घशात.

वहिनीने माझा दंड गच्च धरला. मी म्हटलं, "बाहेर कुणाचा तरी घोडा असेल." त्या बाजूला दुसरा घोडा कुणाकडेच नाही, हे मला माहीत होतं.

मग पेंढा वाजला. टाप पडली... अजून एक... गजांपाशी येऊन थांबली.

शेवंतीने गजांतून नाक पुढे केलं आणि डोळे मिटले.

मला वाटलं, आता तरी खाईल. नाही खाल्लं. मी तिथेच मुक्काम केला. उजाडताना ती गजांना टेकूनच खाली बसली, ती उठलीच नाही.

जेसीबी आला, पण दादा तिला नेऊ देईना. त्याने रिकाम्या खणाचं दार उघडलं आणि शेवंतीला ओढून दारासमोर ठेवायला लावलं.

"डोकं फिरलंय का तुझं?" मी ओरडले. "कुणाला दाखवतोयस?"

"त्याला."

भर सकाळ. लख्ख ऊन. मी चिडलेही होते, रडतही होते.

टापा दारापर्यंत आल्या...

वारा नव्हता. तरी शेवंतीची आयाळ हलली. हुंगल्याचा आवाज आला. एक लांब श्वास...

जेसीबीवाला गाडी तिथेच सोडून पळाला.

आता टापा मागे फिरतील म्हणून आम्ही श्वास रोखून उभे होतो. त्या फिरल्या नाहीत. शेवंतीला वळसा घालून बाहेर आल्या...

आणि दादासमोर थांबल्या.

आता तबेल्यात एकही घोडा नाही. नवीन घोड्यांसाठी फोन येतात, दादा उचलत नाही. मी किती वेळा म्हटलं, सोड ती जागा, माझ्याकडे ये. ऐकत नाही.

परवा मी फोन केला. मागे खिंकाळणं ऐकू आलं. अगदी स्पष्ट.

"दादा, तो अजून शेवंतीला बोलावतोय का रे?"



"नाही गं. तिचं त्याला कळलं. आता मला बोलावतो."

"मग तू काय करतोस?"

"जातो. उभा राहतो त्याच्याजवळ. दुसरं कोण आहे त्याला?"

वहिनीने फोन ओढून घेतला. रडत होती.

"ताई, तुम्ही या हो. चार दिवस झाले, मी रोज तिथे ताट नेते आणि भरलेलं परत आणते. हे गजांपासून हलत नाहीत."

उद्या सुट्टी टाकून चाललेय. जाऊन काय करणार, देव जाणे. मला फार भीती वाटतेय.