पावणेआठ पायली

देवळामागच्या बोळात भोजराजने मावसबहीण साधनाचा हात धरून तिला थांबवलं.

"शेवंताबाईच्या पदरात काई तरी हाय. पाह्य, कशी दाबून चालली!"

सुटीत बालाघाटहून मावशीकडे रामपायलीला आलेल्या भोजराजला येताक्षणीच सगळं गाव संशयास्पद वाटायला लागलं होतं. आज मात्र गावालाच संशय होता. देवळातल्या भंडाऱ्याच्या जेवणासाठी घरोघरून जमलेला तांदूळ, देवळाचा कारभार पाहणाऱ्या प्रेमलालकाकांनी दहा पायली सांगितला होता. सकाळी मोजला तर पावणेआठच भरला! तांदूळ पाखडायला देवळाच्या कोठीत जायची ती एकटी शेवंताबाई. संध्याकाळपर्यंत तांदूळ आला नाही तर देवळाची पायरी चढायची नाही, असं काकांनी तिला चारचौघांत बजावलं होतं.

दोघं तिच्या मागे गेली. अंगणात शेवंताबाईने पदर सोडला. कोंडा! तिची शेळी धावत आली.

"बकरीले कोंडा नेतो, बापा. हेबी चोरी झाली का?" मुलांना पाहून ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. साधनाला स्वतःचीच लाज वाटली.

"अब क्या?" भोजराजने विचारलं.

"कोठी पाहू."

कोठीच्या कोनाड्यात मोजणीच्या खुणा तशाच पडून होत्या. सात खडे आणि तीन चिंचोके.

"दहाच तं हायेत. काका बराबर बोलले."

"मग खडे अन् चिंचोके अलग काहून?" साधनाची नजर शेजारच्या पितळी गडव्यावर, तांब्यावर गेली. "तांदूळ जमला त्या दिवशी पायलीचं माप लग्नघरी गेलतं. तांदूळ गोळा करणाऱ्या महागूदादानं या गडव्यानं मोजलं असन. चार गडव्यांची एक पायली. चार चिंचोके झाले का उचलायचे, अन् एक खडा ठेवायचा!"

"म्हणजे सात खड्यांचे अठ्ठावीस गडवे, वरचे तीन. एकतीस छेद चार?"

"हौ, अंशाधिक अपूर्णांक. भाग लाव."

"सात पूर्ण, बाकी तीन. सात पूर्णांक तीन छेद चार." भोजराज थबकला. "पावणेआठ! अन् काकानं बाकीलेबी पूर्ण धरलं!"

दोघांनी जाऊन सांगितलं तेव्हा काका आधी चिडले. "पोट्टेहो, मले गणित शिकवता?"

"नाही, काका. फक्त तीन गडवे ओतून पाहा." साधनाने पायली पुढे केली. तीन गडवे ओतले तरी पायली उणीच राहिली. काकांनी गडवा खाली ठेवला.

"महागूनं ठेवलेल्या खुणा मी नुसत्या मोजल्या," ते खालच्या आवाजात म्हणाले. मग उठून शेवंताबाईच्या दारी गेले. चूक कबूल केली. तिने ऐकून घेतलं.

"चारचौघांत बोलले होते नं? मग चारचौघांतच सांगा."

काकांनी देवळासमोर माणसं जमवली आणि सगळ्यांदेखत तिची माफी मागितली. "हे या पोरांनी शोधलं," असं सांगून त्यांनी दोघांची पाठ थोपटली. सगळे शाबासकी देत होते, पण भोजराज मान खाली घालून शेवंताबाईकडे गेला.

"आम्हीबी तुमच्यावर संशय घेतलता."

"हौ," ती म्हणाली. "पण तुम्ही पाहाले तरी आले. बाकीचे कोणीच नाही आले."