नालकक्षेतलं वल्हं

सकाळचा चहा झाला की बाबल गिरकर घराच्या दिशेनं एक वल्हं मारायचा. चौकीवर सकाळ म्हणजे घड्याळातले साडेसहा, दुसरं काही नाही. खडक दीड तासात स्वतःभोवती एक फेरी घ्यायचा, त्यामुळे सूर्य दिवसातून सोळा वेळा उगवायचा आणि सोळा वेळा मावळायचा. एवढ्या उगवण्यांतून आपली सकाळ कुठली हे ज्यानं त्यानं ठरवायचं, आणि चौकीवर ज्यानं त्यानं म्हणजे एकट्या बाबलनं.

आदल्या दिवशी खणून काढलेली माती आणि खडी तो पंचावन्न किलोंच्या पिंपात भरायचा आणि गोफणीत ठेवायचा. गोफण म्हणजे विजेवर चालणारी चाळीस मीटरची नळी. चौकीच्या आसपास कचऱ्याचा ढग साठू नये म्हणून खणलेली माती तिच्यातून प्रचंड वेगानं दूर भिरकावून द्यायची, एवढंच तिचं काम. नियम असा होता की एक दिवस ती वरच्या बाजूला फेकायची, एक दिवस खालच्या, म्हणजे दोन्ही धक्के एकमेकांना खाऊन टाकतात. बाबलनं पहिल्या महिन्यातच नियम गुंडाळून ठेवला. गोफणीचं तोंड तो पृथ्वीच्या बरोब्बर उलट दिशेला वळवायचा आणि खटका दाबायचा. माती मागे गेली की खडक पुढे सरकणार. होडीत पाणी मागे लोटलं की होडी पुढे जाते, हे कर्लीच्या खाडीत वाढलेल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. पुढे पृथ्वी होती, आणि पृथ्वीवर त्याची मुलगी जुई होती.

अकरा वर्षं तो असं वल्हवत होता. आजारपणाचे तीन महिने सोडले तर एकही दिवस त्यानं चुकवला नाही.

खडकाचं नाव 'पाठचा'. साठ मीटर रुंदीचा हा दगड पृथ्वीच्याच वाटेवरून सूर्याभोवती फिरतो, पृथ्वीच्या मागून, म्हणून वर्तमानपत्रांनी त्याला पृथ्वीचा पाठचा भाऊ केलं आणि नाव चिकटलं. सूर्याच्या बाजूनं येणारे धोकादायक अशनी पृथ्वीवरून दिसत नाहीत, उन्हात डोळे दिपतात. दूर बाजूला उभं राहून पाहिलं तर दिसतात. म्हणून पाठच्यावर चौकी बसली आणि चौकीवर एक माणूस. खाडीकाठची वाडी समुद्रानं गिळली, तेव्हा चौकीवर माणूस देणाऱ्या घराला डोंगरावर जागा मिळत होती. बाबलची बायको आधीच गेलेली, जुई सात वर्षांची. तिला आत्याच्या ओटीत घालून तो निघाला. एकट्यानं राहणं त्याला जमेल असं परीक्षकांनी लिहून दिलं होतं. तसं लिहून द्यायला त्यांचं काय जात होतं?

परतीची गोष्ट मात्र आधीच ठरलेली होती. पाठचा दर वर्षी पृथ्वीच्या जवळ येत होता. अकरा वर्षांनी तो साठ लाख किलोमीटरवर येणार, तेव्हा एक छोटं यान जाऊन बाबलला घेऊन येणार. या यानाला बाबल खाडीतल्या होडीसारखं पडाव म्हणायचा, मग पृथ्वीवरच्या केंद्रातले लोकही म्हणू लागले. पडावात एका माणसाला चोवीस दिवस पुरेल एवढी हवा मावे. साठ लाख किलोमीटरला तेवीस दिवस लागतात. हिशेब नेमका होता आणि त्यात सांडलवंड चालणार नव्हती.

शर्वाणी बेंद्रे कक्षामापन केंद्रात रुजू झाली ती पडाव सुटायच्या सहा महिने आधी. नव्या माणसाला देतात तसं तिला सगळ्यात कंटाळवाणं काम दिलं होतं: पाठच्याची जागा रडारनं मोजून जुन्या गणिताशी ताडून बघायची. ज्याचं गणित शंभर वर्षांपुरतं झालेलं आहे त्याच्याकडे कोण कशाला बघतं? गेल्या कित्येक वर्षांत कुणी बघितलंही नव्हतं. तिनं मोजलं आणि आकडा जुळला नाही. पुन्हा मोजलं. खडक जिथे असायला हवा होता तिथून दहा लाख किलोमीटर मागे होता, आणि वाईट म्हणजे तो वळू लागला होता.

चौकीचे जुने त्रोटक संदेश किती वेळात पोचले होते ते तपासताना तिला एक चमत्कारिक गोष्ट दिसली. खडक अकरा वर्षं रोज थोडा थोडा मंदावत आला होता. मधले तीनच महिने तो शहाण्यासारखा, आणखी न मंदावता चालला होता. ते तीन महिने बाबल तापानं अंथरुणावर होता.

तिनं त्याला गोफणीबद्दल विचारलं. त्यानं लाजत लाजत कबूल केलं की नियम मोडला खरा, पण घराकडेच तर ढकलत होतो. खडक मागे पडला आहे आणि वर्षभरात पडाव निघणं कठीण आहे, एवढंच शर्वाणीनं त्याला सांगितलं. वरिष्ठांकडे ती सगळे कागद घेऊन गेली. त्यांनी आकडे तपासले. मग म्हणाले की वळण झालंच आहे, आता गोफण कुठेही तोंड करून उडवली तरी त्याला परत आणता येत नाही. मोठी नाव बांधायला आठ वर्षं लागतील, तोवर खडक कोट्यवधी किलोमीटर दूर गेलेला असेल. सामानाच्या पेट्या दोन दोन वर्षं वाहत जाऊन पोचत राहतील, धान्याला श्वास घ्यावा लागत नाही. त्याला कारण सांगायचं की नाही, ते तू ठरव, असं म्हणून त्यांनी कागद तिच्या हातात परत दिले.

दोन दिवसांनी जुई केंद्रात आली. अठरा वर्षांची, उंच, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत बाबांसाठी शिवलेला सदरा होता, पडावातून पाठवायचा म्हणून आणलेला. पडाव जाणार नाही हे तिला फोनवर कळलं होतं, तरी तिनं तो घरी ठेवला नव्हता.

शर्वाणीनं तिला मोठ्या फळ्यासमोर बसवलं. सूर्य काढला, त्याच्याभोवती वर्तुळं काढली. सूर्याच्या जवळचा ग्रह जोरात पळतो, लांबचा रमतगमत जातो. बुध अठ्ठ्याऐंशी दिवसांत फेरी संपवतो. शनीला साडेएकोणतीस वर्षं लागतात, म्हणून तर तो एकेका राशीत अडीच वर्षं बसतो आणि तीन राशी ओलांडेपर्यंत लोकांची साडेसाती होते. इथवर जुईला सोपं गेलं. शनी तिच्या आत्याच्या चांगल्या ओळखीचा होता.

"आता पाठचा पृथ्वीच्या किंचित आतल्या वाटेवर होता," शर्वाणी म्हणाली. "आतली वाट म्हणजे वेग जास्त. म्हणून तो मागून येऊन पृथ्वीला गाठत होता. जवळ आल्यावर पृथ्वी त्याला ओढणार. कुठल्या दिशेला?"

"स्वतःकडे. पुढे."

"पुढे ओढलं की त्याचा जोर वाढतो. जोर वाढलेला दगड आतल्या वाटेवर राहत नाही, बाहेरच्या वाटेवर चढतो. आणि बाहेरच्या वाटेवर?"

जुईनं बाहेरच्या वर्तुळाकडे बोट केलं. बाहेरच्या वाटेवर सगळे हळू चालतात, हे तिला एवढ्यात पाठ झालं होतं. पृथ्वी ओढते, म्हणून खडक बाहेर चढतो, म्हणून मंदावतो, म्हणून मागे पडत जातो. पृथ्वीला तो कधीच गाठत नाही. मागे पडत पडत सूर्याला वळसा घालून पंच्याण्णव वर्षांनी तो पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला येतो आणि तिथूनही असाच परततो. पृथ्वीवर उभं राहून त्याची वाट काढली तर घोड्याच्या नालेसारखी दिसते, आणि नालेच्या उघड्या तोंडात पृथ्वी. तिला नालकक्षा म्हणतात.

"म्हणजे पुढच्याला गाठायचं असेल तर…"

"तर थांबायचं. मागे रेटायचं. मग दगड आत उतरतो आणि वेगानं जातो. आकाशात वल्हं उलटं चालतं."

जुईनं पिशवी मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी धरली. बाबा रोज सकाळी वल्हवतात हे तिला ठाऊक होतं, दर आठवड्याच्या संदेशात ते सांगायचे. शाळेत ती मैत्रिणींना सांगायची की माझे बाबा एवढा मोठा दगड वल्हवत घरी आणतायत. शर्वाणीला तिच्याकडे बघवेना. खरं तर तिला उठून बाहेर जावंसं वाटत होतं, पण फळ्यावरची वर्तुळं तिनंच काढली होती.

"त्यांनी काहीच केलं नसतं तर ते आले असते?" जुईनं विचारलं.

"हो."

मग ती पुष्कळ वेळ रडली. शर्वाणी तिच्या शेजारी बसून राहिली. रडणं थांबल्यावर जुई म्हणाली, "बाबांका सांगू नकात."

शर्वाणीनं तिला समजावलं की खोटं बोलणं तिला जमणार नाही, आणि आता त्या माणसाजवळ सत्यापलीकडे आहे तरी काय. जुईचं उत्तर तयार होतं. आई गेली तेव्हा बाबा महिनाभर उठले नव्हते. मग आत्यानं त्यांना ओढत नेऊन होडीत बसवलं, आणि हातात वल्हं आलं तसे ते जेवू लागले. "तेंच्या हातातला वल्हां काढून घेतलात तर ते जगूचे नाय," ती म्हणाली. "तुम्ही गणित करता, मी माझ्या बापसाक ओळखतंय."

त्याच दुपारी चौकीशी बोलणं ठरलं होतं. खडक सत्तर लाख किलोमीटरवर होता. इथला शब्द तिथे पोचून तिथला शब्द परत यायला सेहेचाळीस सेकंद लागत. एवढ्या वेळात माणूस विचारलेला प्रश्न विसरत नाही, पण तो विचारायला नको होता असं त्याला वाटू लागतं.

शर्वाणी माइकसमोर बसली. जुई तिच्या मागे उभी राहिली, तिनं आवाज करायचा नाही असं ठरलं होतं. शर्वाणीनं एका दमात सांगून टाकलं की खडक ठरल्या जागी आला नाही, वळण आधीच झालं, पडाव येऊ शकत नाही, आता नाही आणि पुढेही नाही. एवढं सांगणं भागच होतं. मग ती वाट बघत बसली.

सेहेचाळीस सेकंद झाले. 

"माका वाटलाच होता," बाबलचा आवाज आला. तो शांत होता, आणि तेच शर्वाणीला सोसेना. "चूक माझीच, बाय. ते तीन म्हयने तापान पडललंय. वल्हां मारूक गावला नाय. तेवढ्यानच मागे रवलंय. जुईक सांग, बापूस कमी पडलो."

जुईनं तोंडावर हात दाबून धरला. शर्वाणीला वाटलं, आत्ताच सांगावं. सांगावं की काका, तुम्ही कमी पडला नाहीत, ते तीन महिनेच तेवढे तुम्ही घराकडे येत होतात. तिनं तोंड उघडलं. पण हे वाक्य ऐकल्यावर तो वल्हवलेल्या चार हजार सकाळींचं काय करील, हे तिला दिसलं. तो एकेक सकाळ आठवील. आठवायला त्याला वेळच वेळ होता. ताप आला म्हणून कमी पडलो, हे दुःख घेऊन माणूस जगू शकतो. दुसरं घेऊन जगता येईल का, याचं गणित तिला येत नव्हतं.

तिची वाट न बघता तोच पुढे बोलू लागला. "आता एकच सांग. पडाव नाय तर नाय. पण मी वल्हवत रवलंय तर थोडो तरी जवळ रवान मा? रोज एकाच्या जागी दोन मारीन. मारू काय नको, तां सांग."

शर्वाणीनं मागे वळून पाहिलं. जुईनं होकाराची मान हलवली.

एका वल्ह्यानं काय होतं ते शर्वाणीनं आदल्याच दिवशी काढलं होतं. पंचावन्न किलो माती एकदा मागे फेकली की तो खडक वर्षभरात पंचेचाळीस किलोमीटर जास्त दूर जातो. दोन वल्ह्यांनी नव्वद. आणि बाबल बावन्न वर्षांचा होता, प्रकृतीनं ठणठणीत.

"मारा, काका," ती म्हणाली. "वल्हवत राहा."

सेहेचाळीस सेकंदांनी त्याचं उत्तर आलं. त्याच्या आवाजात इतका हुरूप होता की शर्वाणीला खुर्चीचे हात घट्ट धरावे लागले. म्हणाला, देव तुझा भला करो, पोरी. आणि सकाळची वाट कशाला बघायची म्हणून तो लगेच पिंप भरायला गेला.

जुई गावी परतली. पाठच्याकडे रोज बघायचं काम केंद्रातल्या कुणालाच नको होतं, ते शर्वाणीनं मागून घेतलं. गोफण सुटली की रडारवर बारीक खूण उमटते. ती बरोबर साडेसहाला एकदा आणि थोड्या वेळानं आणखी एकदा दिसायची. खडक दूर चालला होता. दर महिन्याला उत्तर यायला अर्धा-एक सेकंद जास्त लागू लागला, मग दोन, मग चार. बाबलनं त्याबद्दल कधी विचारलं नाही. नळी साफ ठेवतो, एकही खेप चुकत नाही, एवढंच तो सांगायचा.

रोज सकाळी सात वाजता जुईचा फोन येतो. ती फार बोलत नाही.

"आज गेले बाबा लांब?"

"गेले," शर्वाणी सांगते. "दोन्ही खुणा दिसल्या. नव्वद किलोमीटर."

"मगे बरे आसत," जुई म्हणते, आणि फोन ठेवते.