बाहेर कोण कोण आहे?

यातला एक शब्दही पदरचा नाही. विश्वास ठेवा, नाहीतर ठेवू नका. गेल्या ऑक्टोबरमध्ये, रत्नागिरीत मारुती मंदिरजवळच्या आमच्या ऑफिसात, भर दुपारी हे सुरू झालं. मी भुतांवर विश्वास ठेवणारी नाही. माणसांवर संशय घेणारी आहे, आणि त्या दिवशीही मी तेच केलं.

आम्ही मच्छीमारांसाठी एक अ‍ॅप चालवतो. वाऱ्याचा अंदाज ठरलेल्या वेगाच्या वर गेला, की बोटींना 'परत फिरा' असा इशारा जातो. तो वेग किती धरायचा, हे क्लाउडवरच्या एका सेटिंगमध्ये असतं. आमच्या पानावर आकडा बदलून सेव्ह केलं, की मागचा कोड तो आकडा क्लाउडवर जाऊन लिहितो.

तो कोड मन्सूरने लिहिलेला.

मन्सूर त्याच्या आदल्या वर्षी आरे-वारेच्या समुद्राकाठच्या वळणावर बाईकवरून पडला आणि गेला. त्याच रस्त्याने मी रोज स्कूटरवरून घरी जाते. पण कोड अजून त्याच्याच नावाच्या अ‍ॅक्सेसवर चालायचा. चालतंय ना, मग कशाला हात लावा! असा सगळा आमचा कारभार.

मन्सूरची एक सवय होती. आकड्याला हात लावण्याआधी तो हर्णेला सोनूबाईंना फोन करायचा. "मावशे, बाहेर कोण कोण आहे?" त्या तिथल्या बंदरावर मासळीच्या लिलावाला बसतात. कुठली बोट आली, कुठली नाही, सगळं त्यांना ठाऊक. मन्सूर गेल्यावर तो फोन बंद झाला.

बोटमालकांची कुरकुर होती, की ताशी चाळीस किलोमीटरलाच इशारा दिलात तर धंदा कसा करायचा? आमचे सर म्हणाले, पंचावन्न कर.

माझा धाकटा भाऊ शिवा हर्णेच्या बोटीवर खलाशी आहे. त्या दिवशी तो बाहेर, समुद्रात होता. तरीही मी आकडा बदलला.

सेव्ह झालं.

चहा घेऊन जागेवर आले, तर... चाळीस.

शेजारी आमीर बसतो, मन्सूरचा चुलतभाऊ. मी त्याच्यावरच उखडले.

"गुपचूप बदलतोस होय?"

"मी कशाला बदलू, ऋतिका? लॅपटॉप बघ माझा, कधीचा बंद पडलाय."

"मग कोण बदलतंय?"

"तूच. भाऊ बाहेर आहे ना तुझा?"

असा राग आला! त्याला ओढून शेजारी बसवलं. पुन्हा पंचावन्न केलं. दोघांनीही हात टेबलावर ठेवले.

बघत बसलो.

खाली रिक्षावाल्यांची बडबड चालली होती. डोक्यावर पंखा खडखडत होता. आणि मग... काहीच ऐकू येईना. पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज नव्हता.

पान रिफ्रेश केलं.

चाळीस.

आमीर पांढराफटक पडला. मन्सूरचा अ‍ॅक्सेस मी तिथल्या तिथे काढून टाकला. आमीर नको नको म्हणत होता, मी ऐकलं नाही. माझ्या नावाने नवा केला आणि पंचावन्न टाकलं. आता माझ्याशिवाय कोणी लिहूच शकत नव्हतं. जरा हायसं वाटलं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. सोनूबाई.

"गो बाय, तुमच्या मन्सूरला बरी आठवण झाली! आत्ताच फोन केलान. कोण कोण भायेर हाय विचारलान. शिवाचं नाव तर दोनदा घेतलान."

मन्सूर गेल्याचं त्यांना कोणी कळवलंच नव्हतं.

"पण उभा कुठं होता गो तो? मागं लाटा वाजत होत्या."

मी स्क्रीनकडे बघितलं... चाळीस. वाऱ्याचा नवा अंदाज नुकताच आला होता, पन्नासचा. बोटींना इशारा गेला होता.

दिवेलागणीला शिवाची बोट बंदरात शिरली, आणि तिच्यामागोमाग वारा सुटला. शिवाचा आवाज ऐकून मी फोनवरच ढसाढसा रडले.

त्यानंतर चाळीसला कोणी हात लावला नाही. आमीर अजून मला म्हणतो, आकडा तूच बदललास. मी म्हणते, सोनूबाईंना त्यानेच कुणाकडून तरी फोन करवला. दोघांनाही ते मनापासून पटत नाही.

गोष्ट इथेच संपली असती, तर मन्सूरला हात जोडून मी गप्प बसले असते.

पण आज संध्याकाळी निघायला पर्स उचलली, आणि सोनूबाईंचा फोन आला.

"आज परत केलान हो फोन. मी आपली बोटींची नावं सांगायला लागले, तर म्हणतो, बोटी नकोत मावशे."

"मग... काय विचारलं?"

"ऋतिका निघाली काय, म्हणून. वळणावरनंच जाते ना ती, असं म्हणत होता. मागं लाटा तशाच वाजत होत्या बघ."

मला परत फिर म्हणतोय, की माझी वाट बघतोय? शिवाला त्याने वाचवलं, हे खरं. पण त्याचा अ‍ॅक्सेस मी काढला, हेही खरंच.

सगळे घरी गेलेत. मी खिडक्या लावून हे लिहिते आहे, स्कूटरची चावी टेबलावर पडली आहे.

मारुती मंदिरपर्यंत समुद्राचा आवाज कधीच येत नाही.

मघापासून येतोय.