नकाशाबाहेरची घोंगडी

कोडला भूत लागत नाही, माणसाचा हात लागतो, असं मी टीममधल्या प्रत्येक नव्या पोराला सुनावते. त्यामुळे आमच्या गेममधून वस्तू हरवायला लागल्या तेव्हा मी आधी चिडलेच. गेम तसा साधा आहे. हजारो लोक एकाच नकाशावर आपापले किल्ले बांधतात, कोठारं भरतात आणि एकमेकांवर चालून जातात. त्या कोठारांतून सामान नाहीसं होत होतं, आणि सर्व्हरचं काम माझ्याकडे असल्यामुळे ते शोधणं माझ्या गळ्यात पडलं.

खरं तर माझा मॅनेजर कुमार मला सुट्टी घे म्हणत होता. माझा धाकटा भाऊ देवांग कॅलिफोर्नियातल्या सिएराच्या डोंगरात एकटाच ट्रेकला गेला होता आणि परतला नव्हता. बर्फाच्या वादळामुळे शोध थांबला होता. फ्रीमाँटच्या घरात फोनकडे बघत बसले असते तर वेड लागलं असतं, म्हणून मी ऑफिसला जात होते.

देवांग दर रविवारी माझ्याकडून डबा न्यायचा. डबा रिकामा परत करायचा नाही, हे आईने आम्हा दोघांच्या अंगात मुरवलेलं. पण त्याच्या स्वयंपाकघरात कधी काही असेल तर शपथ! मग डब्यातून एखादं लिंबू यायचं, नाहीतर ट्रेकवर उचललेला खडा. "ताई, एम्प्टी कसा देऊ यार?" म्हणायचा. या वेळीही तो मेथीच्या लाडवांचा डबा घेऊनच गेला होता.

मी सगळं कोड ओळीओळीने तपासलं. चूक सापडेना. मग हरवणाऱ्या वस्तूंचा माग काढला. सोनं, तलवारी, घोडे जागच्या जागी होते. जात होती फक्त घोंगडी, सरपण आणि पाव. सगळं नकाशाच्या वरच्या कडेपलीकडे जात होतं. तिथे आम्ही काही बनवलेलंच नाही.

"नैना, हे बघितलंस?" कुमारने स्क्रीन माझ्याकडे वळवली. एका खेळाडूच्या कोठारातून घोंगडी गेली होती, आणि तिच्या जागी एक खडा होता. करडा, मधून पांढरी रेघ. "आपल्या आर्टिस्टने हा ड्रॉच केलेला नाहीये. प्रँक असणार कुणाचा तरी."

 मी बाकीची कोठारं उघडून पाहिली. जिथून जिथून सामान गेलं होतं, तिथे खडा होता. एकही जागा रिकामी नव्हती.

"कुमार, ती वरची कड आज नको ना बंद करूया."

"का? फिक्स रेडी आहे ना? उद्या टूर्नामेंट आहे."

काय सांगणार होते? माझा भाऊ गारठलाय, असं? मला माझीच लाज वाटली. मी खुर्ची पुढे ओढली आणि भरदुपारी ती कड बंद केली.

सामान हरवायचं थांबलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

रात्रीत वादळ निवळलं. सकाळी शोधपथकाला देवांग सापडला, झाडं संपतात त्याच्याही वर, एका कपारीत.

काल संध्याकाळपर्यंत जिवंत होता, असं डॉक्टर म्हणाले. इतके दिवस कसा तगला, ते त्यांना सांगता येईना.

पथकातल्या बाई हळूच म्हणाल्या, की शेजारी शेकोटीची राख होती. त्या उंचीवर जाळायला काडीसुद्धा मिळत नाही.

त्यांनी त्याची सॅक माझ्या हाती दिली. डबा वरच होता, घासून लख्ख केलेला. उचलला तर जड लागला.

मी झाकण काढलं.

करडे खडे, प्रत्येकावर पांढरी रेघ. पुढे लागतील म्हणून त्याने डबा काठोकाठ भरून ठेवला होता.