मागच्या खोलीची शांतता

हे ऐकीव नाही. सांगणारे आमचे थोरले जावई आहेत. साधी थाप मारायची म्हटलं तरी त्या माणसाचे कान लाल होतात.

थोरल्या लेकीला जुळं झालं, त्या वर्षाची गोष्ट. चार महिने ती लेकरांसह आमच्याकडे होती. जावयांचं तीन खोल्यांचं घर रिकामं होतं.

जावई कॉम्प्युटरवरच्या भीतीच्या खेळांना आवाज देतात. त्या खेळांत खेळणाऱ्याला स्वतःचं अंग दिसत नाही. डोळ्यांसमोर दिसेल तेवढंच. पावलं ऐकू येतात, ती आपली. म्हणून भीती घालायची ती कानातून.

आणि जावई म्हणतात, आवाज वाढवला की माणूस दचकतो, पण आवाज काढून घेतला की तो घाबरतो.

त्यासाठी त्यांना रिकाम्या खोलीची शांतता लागते. रविवारी भरदुपारी त्यांनी मागच्या खोलीत स्टुलावर रेकॉर्डर ठेवला, बाहेरून कडी घातली आणि वीस मिनिटं जिन्यात बसून राहिले. सोबत त्यांचा भागीदार होता. बाटलीच्या बुडासारखी भिंगं, म्हणून सगळे त्याला चष्माच म्हणत. बारा वर्षांची दोस्ती. खेळ दोघांचा, घरं गहाण टाकून केलेला. त्याला खाली गाडीत बसवलं होतं, कारण तो गप्प बसू शकत नाही.

पुढे थोरली लेकरांना घेऊन घरी गेली. त्या आठवड्यात जावई ती वीस मिनिटं साफ करायला बसले. म्हणजे नको ते आवाज एकेक करून पुसायचे.

सोमवारी त्यांनी घड्याळाची टिकटिक पुसली.

मंगळवारी सकाळी भिंतीवरचं घड्याळ बंद. सेल बदलला. चालेना.

जावई हसले. त्यांनी नळाची टिपटिप पुसली.

संध्याकाळी थोरली म्हणाली, "अहो, प्लंबर आला होता का? नळ गळायचा थांबला."

प्लंबर आला नव्हता.

बुधवारी शेजारच्यांच्या कुत्र्याचं लांबून येणारं भुंकणं पुसलं. गुरुवारी सकाळी शेजारीण दारात रडत उभी. कुत्रं म्हातारंच होतं, सगळे म्हणाले.

जावई मात्र कॉम्प्युटरपाशी जाऊन बसले.

त्यांनी हेडफोन लावला. वरचे सगळे आवाज गेले होते. आता त्या खोलीत काहीच उरायला नको होतं.

पण उरलं होतं...

श्वास.

हळू, जड. आत... बाहेर. मध्येच थोडा अडकणारा.

कडी घातलेल्या खोलीत कोण होतं?

त्यांनी चष्म्याला फोन लावला. मस्करी केलीस का, म्हणून विचारलं. तो म्हणाला, मी गाडीत घामाघूम होतो, मला कुठली मस्करी सुचते. त्याचं उत्तर जरा लवकरच आलं, असं जावयांना वाटलं.

मग त्यांच्या डोक्यात किडा शिरला. हा श्वास पुसला तर...

कुणाचा थांबेल?

त्या दिवसांत रेकॉर्डर हातात घेऊन जावई घरभर फिरत. थोरली भाकऱ्या थापताना मागे उभे. लेकरं निजली की पाळण्यावर वाकलेले. थोरली म्हणाली, एवढं प्रेम लग्न ठरलं तेव्हाही नव्हतं. त्यांनी स्वतःचा श्वासही ताडून पाहिला.

एकाशीही जुळेना. तरी त्यांच्या जिवाला चैन नाही.

इकडे खेळ द्यायची तारीख तोंडावर आलेली. चष्मा रोज भुणभुण करी. तो श्वास काढ, खेळणाऱ्याला वाटेल आपलाच आहे, सगळा घोळ होईल. जावई म्हणत, राहू दे. का राहू दे, ते सांगत नसत. शिकलेला माणूस, दोन लेकरांचा बाप. सांगणार काय?

पुढच्या बुधवारी सकाळी अकराला चष्म्याचा फोन आला.

"तुझा तो श्वास मीच काढला रे. तुझ्या हातून होईना म्हटलं."

जावई खुर्चीतून उठले.

"रागावलास? बरं, आता खरं सांगतो. तो माझाच होता."

गाडीत उकडत होतं. मागच्या जिन्याने तो वर आला, तिकडच्या व्हरांड्यात सावली होती. तिथे त्या खोलीच्या खिडकीखाली तो टेकला आणि त्याचा डोळा लागला. तू मला कच्चं खाल्लं असतंस, म्हणून बोललो नाही, असं म्हणून तो खो खो हसला.

"परत टाक," जावई म्हणाले.

"काय?"

"श्वास परत टाक. आत्ता. मी फोन धरतोय."

त्यांचा सूर ऐकून तो हसायचा थांबला. त्याने श्वास परत टाकला. मग जावयांनी त्याला घड्याळ, नळ, कुत्रं, सगळं सांगितलं. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता...

"कुत्र्याच्या रांगेत बसवलंस होय मला," एवढंच तो म्हणाला.

जावई तडक त्याच्या घरी गेले. ओढून दवाखान्यात नेलं. छातीचा ईसीजी काढला. डॉक्टर म्हणाले, घोड्यासारखा आहे हा. रात्री जावई त्याच्याकडेच झोपले. झोपले कसले, ऐकत बसले. अंधारातून मधूनमधून चष्मा विचारी, "चालू आहे ना रे?" जावई म्हणत, "चालू आहे."

गुरुवारी दोघे एकत्र जेवले. तो नेहमीपेक्षा कमी बोलत होता. दर थोड्या वेळाने स्वतःच्या छातीवर हात ठेवून बघत होता.

खेळ वेळेवर गेला, बरा चालला. श्वास त्यात अजून आहे. काढू दिला नाही जावयांनी.

पण एक शंका त्यांना आजही सोडत नाही. श्वास परत टाकायला उशीर झाला, की त्यांनी सगळं सांगितलं म्हणूनच त्याने धसका घेतला? आम्ही समजूत घालतो. ते ऐकतात, मान हलवतात. आणि बोलता बोलता मध्येच गप्प होऊन समोरच्याच्या छातीकडे बघत राहतात...

चष्मा त्याच गुरुवारी गेला. दुपारी साडेचारला, खुर्चीत बसल्या बसल्या. वय एकेचाळीस.