बाही सोडायची नाही

"दहा दिवस झाले, नुसते पडूनच राहिलो आपण!" ऋता कुरकुरली. "ज्यूदो आहे का घसरगुंडी?"

"आधी पडायला शिका!" संघर्षनं दीदीची हुबेहूब नक्कल केली. "आणि ज्याला पाडाल त्याची बाही सोडायची नाही! त्याचं डोकं आपटलं, तर तुम्ही हरलात!"

तात्यापारा वस्तीतल्या सभागृहात उन्हाळी शिबिराचा आज शेवटचा दिवस. अर्ध्या तासात पाहुणे येणार आणि संघर्ष ऋताच्या धाकट्या भावाला, यशदीपला, सगळ्यांसमोर पाडून दाखवणार! शिकवणारी पूर्णिमादीदी फाटकाशी उभी होती.

रिवाजाप्रमाणे ऋतानं गुडघे टेकून गाद्यांना नमस्कार केला, सरावासाठी आडवी पडली आणि हात आपटला.

टक्क!

अगं आई गं! रोज तर 'थप्प' वाजतं! तिनं गाद्यांवरची निळी ताडपत्री उचलली आणि पाहते तर काय! कडेला सतरंज्यांच्या गुंडाळ्या, मधे नुसता पुठ्ठा अन् खाली फरशी! यशदीप यावर डोक्यावर पडला असता तर?

"काहून उचलून राहिली गं पोट्टे?" सभागृहाचे रखवालदार गुलाबराव ओरडतच आले.

"काका, गाद्या कुठे गेल्या?"

"ह्याच तर हायेत! दीदीले काही सांगशील तर पाहा!"

ऋताचं डोकं भणाणलं, पण ती गोड हसली. पाहुण्यांसाठी ठेवलेला नारळ तिनं डोक्यावर उंच धरला. "गादी आहे ना? मग हा काही फुटायचा नाही!"

फट्ट! नारळाची दोन शकलं! सगळ्यांचे डोळे पांढरे झाले.

"अवं, काय केलं हे!" गुलाबराव धावले, नारळाच्या पाण्यावरून सटकले आणि मागे कलंडले. ऋतानं दोन्ही हातांनी त्यांची बाही गच्च धरली. पाठ टेकली, पण डोकं फरशीपासून वीतभर वर राहिलं!

गुलाबराव कसेबसे उठून बसले. "इथं जवळच पंडरीत भाच्याचं लग्न... पाहुण्यांना झोपायला नेल्या गाद्या. वाटलं, पोट्ट्यांना काय फरक पडते!"

आवाज ऐकून आलेली दीदी ते पुठ्ठे पाहून पांढरीफटक पडली. तिनं ऋताला घट्ट जवळ घेतलं. "शाब्बास, माझी वाघीण!"

गाद्या ऑटोतून आल्या. कार्यक्रम तासभर उशिरा सुरू झाला. यशदीप 'थप्प' पडला आणि हसत उठला तेव्हा कुठे ऋताचा जीव भांड्यात पडला.

गुलाबराव हळूच जवळ आले. "मी तर तुले दटावून राहिलो होतो, पोरी. मग माही बाही काहून नाही सोडली?"

"नारळ मीच फोडला होता ना, काका," ऋता म्हणाली. "म्हणजे तुम्हाला पाडलं मीच!"