पाटीला हात

कुलूप तुम्ही लावलंत. आत माणूस आहे का, हे धड न बघता लावलंत. आणि वर लेण्यांच्या ऑफिसातून फोनवर मलाच विचारता, "बाई, तुम्ही आत गेलातच कशाला?" जाऊ नये असा बोर्ड कुठे होता? होता तो स्वच्छता राखायचा, त्यावरही पानाची पिंक.

झालं ते सरळ सांगते.

आम्ही वर्सोव्याचे कोळी. सोमवारी मासळीला गिऱ्हाईक कमी, म्हणून आई पुतळाबाई, भाऊ कृणाल आणि मी टेम्पो घेऊन फिरायला निघालो. नावाजलेली लेणी सोमवारी बंद. मग कृणालने बोरिवलीच्या पुढे हायवे सोडला आणि त्याच डोंगराच्या मागच्या अंगाला नेलं. तिथे कातळात कोरलेल्या थोड्या खोल्या आहेत. पूर्वी भिक्खू राहायचे. झोपायला दगडी ओटा, बाहेर पाण्याचं टाकं. टेम्पोत बोंबलाचा वास, आणि पुढच्या सीटवर आईच्या छातीतली शिट्टी. दम्याची ती शिट्टी आमच्या घरात रात्रंदिवस वाजते.

जेवणाची पाटी आईने हट्टाने डोक्यावरच घेतली. जेट्टीवर पडल्यापासून तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. पण तसाही भरलेली पाटी कोळीण एकटी चढवत नाही. हात लावायला कोणीतरी लागतं. एका बाजूने कृणाल, एका बाजूने मी, असा आम्ही हात लावला.

"डोंगर चढतेस की बाजाराला निघालीस गं?" कृणाल म्हणाला.

"गप रे. तुझ्या टेम्पोपेक्षा माझी मान भरवशाची हाय."

जेवलो. पाण्याचा मोठा कॅन संपला, तो रिकामाच पाटीत ठेवला. आई शेवटच्या खोलीत ओट्यावर आडवी झाली, पाटी उशाशी. आम्ही वरच्या खोल्या बघून आलो, तर जाळीच्या दाराला कुलूप.

"आई!"

जाळी हलवून परत हाक मारली. तिचा दम्याचा पंप माझ्या पर्समध्ये.

कृणालने मोबाइलचा टॉर्च मारला. खोली ती केवढीशी! समोर भिंत, दोन्हीकडे भिंत, अखंड दगड. ओटा मोकळा. पाटीसुद्धा नाही. मी जाळीला कान लावला. शिट्टी ऐकू येत नव्हती. बोर्डावरचा तुमचा नंबर फिरवला. वाजून वाजून बंद पडला.

कृणाल खाली धावला आणि राखणदार गुणाजीला ओढतच घेऊन आला. जेवायला जाताना तो कुलूप घालून गेला होता.

"बाय, देवाशपथ सांगतंय, आत कोण नव्हता. दारातून बघितलंय मी."

"दारातून? आत जाऊन का नाही बघितलंत?"

"आत मी नाय जात," तो म्हणाला, आणि किल्ली शोधायला लागला.

कुलूप निघालं.

अंधारातून आई चालत आली. डोक्यावर पाटी, ताठ मान, कपाळ ओलं.

मी रडले. कृणाल रडत होता आणि शिव्याही घालत होता.

"मेलेय काय मी? एवढा कसला तमाशा!" आई म्हणाली. एका दमात. छाती साफ होती.

पाटी उतरवताना माझे हात ओझ्याने खाली गेले. कॅन काठोकाठ भरलेला. गार.

"पाटी कोणी चढवली?"

"कोणी म्हणजे? 'हात लावा गो' म्हटलं, तुम्ही दोघांनी लावलात. दोन्ही बाजूंनी. बोललात नाय काय, मला वाटलं रुसलाव."

गुणाजीने ते ऐकलं. कुलूप जमिनीवर तसंच टाकून तो पायऱ्या उतरायला लागला.

आई बरी आहे. डॉक्टर खूश, पंप कपाटात पडलाय, रात्री घर शांत. माझी आई मला परत मिळाली, याहून मला काही नको.

पण पहाटे मी बंदरावर पोचायच्या आधीच भरलेली पाटी तिच्या डोक्यावर असते. विचारलं तर म्हणते, "आत्ता तर लावलास ना हात?"

तुमचा साहेब सांगतो, जाळीला नवीन कुलूप घातलं. मग उत्तर द्या. या वेळी तरी आत जाऊन बघितलंत? तिथे आता कोणी उरलंय का?